हे काढू नये

पावसाळ्यात आमच्या हॉलमध्ये चार भांडी मांडलेली असतात. पंख्याखाली पितळी पातेलं, टीव्हीशेजारी निळी बादली, सोफ्यामागे श्रीखंडाचा रिकामा डबा आणि दाराशी एक कुकर, ज्याचं झाकण कधीकाळी हरवलं. ही मांडणी कुठे लिहून ठेवलेली नाही, ती बायकोच्या डोक्यात आहे. गेल्या जुलैत मी हौसेने कुकर उचलून तिथे प्लॅस्टिकचा टब ठेवला. टब मोठा, पाणी जास्त मावणार, एवढा साधा हिशेब. रात्री दोन वाजता बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका, अंगावर टॉवेल.

"काही हलवलंत का?"

"टब ठेवलाय. मोठा."

"आणि कुकर?"

कुकरच्या वजनाने तिथली एक सुटी फरशी दबून बसते, हे मला त्या रात्री कळलं. काकांना ते आधीपासून माहीत होतं. माझ्या घराबद्दल!

मी जुनी सॉफ्टवेअरं दुरुस्त करणारा इंजिनिअर आहे. म्हणजे पगार घेऊन दिवसभर लोकांच्या कुकरच्या जागी टब ठेवत असतो.

आमचं ऑफिस वाशी स्टेशनच्या डोक्यावर आहे. १९९२ मध्ये मानखुर्दहून लोकल खाडी ओलांडून इकडे आली आणि पुढे स्टेशनच्या माथ्यावर आयटीवाले येऊन बसले. खाली लोकल, वर क्लाउड. मागच्या वर्षी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मार्केटमधला एक गाळा आहे. कांदा-बटाटा. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर समजून घ्यायचं, चालू ठेवायचं आणि हळूहळू नवं करून द्यायचं."

"कागदपत्रं आहेत?"

"आहेत ना," असं म्हणून त्यांनी एक लग्नपत्रिका पुढे केली. तिच्या पाठीवर बॉलपेनने तीन कलमं लिहिली होती. एक, मशीन चालू करणे. दोन, पासवर्ड म्हणून शेठाणींचं नाव टाकणे. तीन, अडचण आल्यास मला फोन करणे. खाली नंबर होता. सात आकडी.

मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं. हे असलं ठिगळकाम मला पटत नाही, पाया खचलेल्या वास्तूला रंग लावण्यात अर्थ नसतो, हे मुळापासून पाडून नव्याने बांधलं पाहिजे. 'वास्तू' हा शब्द मी दोनदा वापरला. साहेब प्रभावित झाले. मीही झालो.

सगळे त्याला वाशी मार्केट म्हणतात, पण ते आहे तुर्भ्यात. पहाटे साडेपाचला ट्रकांच्या रांगेतून वाट काढत मी गाळ्यावर पोचलो. तिथे सत्तरीतले मेहताजी होते आणि त्यांच्याच वयाचा वाटणारा एक संगणक. संगणकाला दर दसऱ्याला लावलेल्या कुंकवाचे थर होते. कळफलकाच्या फटींत कांद्याची सालं. वरच्या रांगेतल्या बटणांवर चिकटपट्टी लावून 'हमाली', 'तोलाई', 'पट्टी' असं लिहिलेलं. मेहताजी खिडकीबाहेर वजनकाट्याकडे बघत होते आणि बोटं आपोआप चालत होती. तीन एंटर, एफ फोर, दोन एंटर, वाय. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करवतीसारखा ओरडला आणि शेतकऱ्याची हिशेबपट्टी बाहेर आली.

"मेहताजी, स्क्रीनवर काहीच दिसत नाहीये."

"मॉनिटर सोमवारपासून बंद आहे, साहेब. नवा सांगितलाय."

त्या दिवशी गुरुवार होता.

सॉफ्टवेअर निघालं फॉक्सप्रोमधलं. ऐंशी-नव्वदीत ज्यांनी उमेदवारी केली त्यांना हे नाव ऐकून पहिलं प्रेम आठवतं, बाकीच्यांना कोल्हा आठवतो. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्स कंपनी विकत घेतली, २००४ मध्ये शेवटची आवृत्ती काढली आणि २०१५ च्या जानेवारीत हात झटकले. मेहताजींना यातलं कोणी काही कळवलं नव्हतं. त्यामुळे त्यांचं काम थांबलं नाही.

मी सगळ्या फाइली ऑफिसात आणल्या आणि वाचायला बसलो. कुलवृत्तांतात जसा एक मूळ पुरुष असतो, जो कोकणातून निघाला एवढंच माहीत असतं, तसा या सॉफ्टवेअरलाही होता. १९९७ साली तो आला, दोन महिने गाळ्यावर चहा प्यायला, प्रोग्राम लिहिला आणि पुढे दुबईला गेला म्हणतात. डॉसच्या काळात फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे. त्याने पट्टी छापायच्या चार फाइली केल्या होत्या. नावं पट्टी, पट्टीन्यू, पट्टीफिन आणि पट्टीओल्ड. यातली चालू कोणती, हे शोधायला मला तीन दिवस लागले. पट्टीओल्ड.

कोष्टकातल्या रकान्याच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा होती, म्हणून त्याने काटकसरीने सगळे स्वर गाळून टाकले होते. शेतकऱ्याचं 'एसटीकेआर' झालं होतं. एसटी महामंडळाच्या गाडीभाड्याचा रकाना समजून मी अख्खा एक आठवडा त्याचा माग काढला.

पुढे पुढे मला त्या ओळींमध्ये थर दिसू लागले. खालच्या थरात १९९९ ची धावपळ. वर्षाचे दोनच आकडे साठवण्याची सवय आणि २००० साल तोंडावर आलेलं. तेव्हा दोनाचे चार करण्यात (आकड्यांचे, लग्नं नंतर झाली) माझ्या पिढीतल्या कित्येकांचा पहिला पगार निघाला, माझाही. त्यावरच्या थरात जुलै २०१६. आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असं सरकारने तेव्हा ठरवलं. तोवर मूळ पुरुष परागंदा झाला होता. शेठच्या कॉलेजातल्या भाच्याने आडत कापणाऱ्या एकतीस ओळी पुसल्या नाहीत, प्रत्येकीच्या आधी फक्त एक तारा टाकला. फॉक्सप्रोत ओळीच्या आधी तारा टाकला की संगणक ती ओळ वाचत नाही. विधानसभेत तारांकित प्रश्नाला निदान तोंडी उत्तर मिळतं, इथे तारांकित ओळीला कोणी विचारत नाही.

"पुसल्या का नाहीत?" मी भाच्याला फोनवर विचारलं. तो आता मोठ्या बँकेत आहे.

"सरकारने परत निर्णय फिरवला तर?"

त्याच्याही वर १ जुलै २०१७ चा थर. ताज्या कांद्याला जीएसटी लागत नाही. तरीही भाच्याने जीएसटीची स्वतंत्र फाइल केली होती. ती प्रत्येक रकमेला मोठ्या निष्ठेने शून्याने गुणायची आणि आलेलं उत्तर एकूण रकमेत मिळवायची.

अशी सॉफ्टवेअरं फक्त आपल्याकडे असतात, असा गैरसमज नको. कोबोल ही भाषा १९५९ ची. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत बेकारभत्त्याचे अर्ज वाढले तेव्हा अमेरिकेत न्यू जर्सीच्या राज्यपालांना पत्रकार परिषदेत आवाहन करावं लागलं, की कोबोल येणाऱ्यांनी मदतीला यावं. मला कोबोल येतं. त्या आठवड्यात घरात मला दोनदा न मागता चहा मिळाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या मेनी लेमन यांनी तर १९७४ मध्येच याचे नियम मांडले होते. जो प्रोग्राम वापरात आहे तो बदलत राहावाच लागतो, आणि मुद्दाम आवरला नाही तर तो बदलता बदलता गुंतत जातो. मी हे बायकोला समजावून सांगितलं.

"हे कळायला लंडन कशाला लागतं?" ती म्हणाली. "आपला माळा बघा."

तर मी आवरायला घेतलं.

पहिल्यांदा सापडली ती 'इन्की चार' अशी ओळ. म्हणजे संगणका, चार सेकंद नुसता बसून राहा. प्रत्येक पट्टीनंतर चार सेकंद! दिवसाला शेकडो पट्ट्या! मी गुणाकार करून साहेबांना वाचलेल्या तासांचा तक्ता पाठवला आणि ती ओळ काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन.

"साहेब, पट्टीवर पट्टी छापतेय."

मेहताजी त्या चार सेकंदांत छापलेला कागद फाडायचे, पुढचा सरळ करायचे आणि चिमूटभर तंबाखू तोंडात टाकायचे. मूळ पुरुषाने दोन महिने चहा फुकट प्यायला नव्हता, तो घड्याळ लावून बसला होता. मी ओळ परत घातली. वाचलेल्या तासांचा तक्ता साहेबांनी तोवर वरिष्ठांना पाठवला होता.

मग सापडला एकशेसतरा. खातेदार क्रमांक ११७ असेल तर पट्टीत ५१ रुपये वाढवावेत, अशी ओळ होती आणि तिच्या डोक्यावर, इंग्रजी लिपीत पण मराठी भाषेत, एक टीप होती. हे काढू नये. साहेब म्हणाले, एआयला विचार. एआयने चार पानं उत्तर दिलं. त्याचा सारांश असा, की हा बहुधा सणासुदीच्या सवलतीचा भाग असून तो काढल्यास अचूकता वाढेल. आम्हा दोघांचं, म्हणजे एआयचं आणि माझं, एकमत झालं.

बारा दिवसांनी जुन्नरकडचे एक आजोबा थेट गाळ्यावर आले. पट्टी शेठपुढे ठेवून म्हणाले, "माझं काय चुकलं?"

शेठनी वडिलांकडून गाळा हातात घेतला त्या सकाळी पहिला माल या आजोबांचा उतरला होता. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पट्टीत शकुनाचे एक्कावन्न. हे शेठना माहीत होतं, मेहताजींना माहीत होतं, आजोबांना माहीत होतं आणि त्या प्रोग्रामला माहीत होतं. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिशातून एक्कावन्न रुपये काढले. ते जीपेवर पाठवा म्हणाले.

पण माझा खरा पराक्रम पुढेच आहे. फॉक्सप्रोत एखादी नोंद पुसली तरी ती जात नाही, तिच्यावर नुसती पुसल्याची खूण होते. 'पॅक' असा हुकूम दिला तरच ती खरोखर नाहीशी होते. सोसायटीच्या माजी चिटणीसांसारखं आहे. राजीनामा दिलेला असतो, पण किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. गाळ्याच्या कोष्टकात अशा पुसलेल्या, पण न गेलेल्या नोंदी हजारोंनी होत्या. मी एका शनिवारी संध्याकाळी 'पॅक' म्हटलं. फाइल अर्ध्यावर आली. मी समाधानाने साबुदाणावडा खाल्ला.

सोमवारी मेहताजींनी एफ नाइन दाबलं आणि जागच्या जागी खुर्चीत बसले. खरं तर ते आधीच बसलेले होते, तरी बसले.

"साहेब, बुडीत गेली."

"बुडीत म्हणजे?"

"बुडीत उधारी. कोणाकोणाकडून येणं राहिलंय, ते मी पुसून ठेवतो. पुसलं की शेठच्या यादीत येत नाही. मला मात्र एफ नाइनने दिसतं. पार्टी मार्केटमध्ये परत दिसली की मी गाठतो."

"शेठना का नाही दाखवत?"

"त्यांना बीपी आहे."

बॅकअप होता, तो २०१४ चा. मधल्या वर्षांची उधारी शोधायची कुठे? मेहताजींनी पोटमाळ्याकडे बोट केलं. तिथे कांद्याच्या गोण्यांमध्ये, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदांवर, प्रत्येक दिवसाची छापील वही भरून ठेवली होती. पुढचे नऊ दिवस मी कांद्याच्या वासात बसून ती उधारी पुन्हा टंकली आणि एकेक नोंद स्वतःच्या हाताने परत पुसली. शेठनी एकदा डोकावून विचारलं, "इंजिनिअरसाहेब, काय चाललंय?"

"डेटा मायग्रेशन," मी सांगितलं. डोळ्यांना पाणी होतं. कांद्याचं असावं.

एवढं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, जे आहे ते राहू द्या. मी म्हणालो, आता तर नवंच करू. आमच्या साहेबांचा बेत होता की शुक्रवारी रात्री जुनं बंद करायचं आणि सोमवारी सकाळी नवं चालू. मी त्यांना ब्रिटनच्या टीएसबी बँकेची गोष्ट सांगितली. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी एका शनिवार-रविवारात सगळी खाती नव्या प्रणालीवर नेली आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपलंच खातं उघडेना. साहेब म्हणाले, "आपल्याला तर एकच गाळा आहे." तेव्हा मेहताजींनी तोंड उघडलं.

"साहेब, खाडीपूल बघा. पहिला १९७३ चा. त्याला त्रास सुरू झाला, तेव्हा शेजारी १९९७ चा बांधला. आता तिसरा झाला. गाड्या थांबवून बांधला का कुणी?"

पुलाचं उदाहरण साहेबांना पटलं, कारण ते रोज त्या पुलावर थांबतात.

म्हणून दोन्ही सॉफ्टवेअरं शेजारी शेजारी चालवायची ठरली. नव्याला रंग होते, माऊस होता, कोपऱ्यात फिरणारा एक कांदाही होता. महिनाभराने मी ताळा बघायला गेलो. एका पैशाचा फरक नव्हता! मी भारावून गेलो.

"मेहताजी, कमाल आहे. रोज जुळतंय?"

"जुळणारच. जुन्यात पट्टी काढतो आणि ती बघून नव्यात टाकतो."

नव्यात काही कमी आहे का, असं विचारल्यावर त्यांनी एक यादी दिली. पडदा निळा हवा. माऊस नको, गोणीवर ठेवला की घसरतो. तीन एंटर, एफ फोर, दोन एंटर, वाय चाललं पाहिजे. मध्ये चार सेकंद. एकशेसतराला एक्कावन्न. पुसलेलं जाता कामा नये. मी सगळं करून दिलं. शेठनी दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि विचारलं, "मग पैसे कशाचे झाले?"

मी म्हणालो, "आधुनिकीकरणाचे."

"तो फिरणारा कांदा तेवढा राहू द्या," शेठ म्हणाले.

त्याच रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. विषय एकच, इमारत पाडून टॉवर बांधायचा की डागडुजी करायची. विकासकाने रंगीत चित्र आणलं होतं. चित्रात आमच्या जागी एक उंच काचेची इमारत होती आणि तिच्यासमोर आम्ही कोणीच नव्हतो, दुसरीच गोरी माणसं फुगे घेऊन फिरत होती. माझ्यातला वक्ता जागा झाला.

"पाडणं सोपं असतं," मी म्हणालो. "पण या वास्तूतली प्रत्येक फट आपल्याला माहीत आहे. कुठे कुकर ठेवायचा, कुठे बादली, हे ज्ञान आपण वर्षानुवर्षं कमावलंय. नव्या टॉवरमध्ये पाणी कुठून गळेल, कोण सांगणार? पाया मजबूत आहे. गच्चीवर वॉटरप्रूफिंग करू या."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर खालचे काका म्हणाले, "पण वहिनी तर सांगत होत्या, ऑफिसात तुम्ही सगळंच मुळापासून पाडायला निघालाय."

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. सभागृहही गळत होतं.

वॉटरप्रूफिंग मंजूर झालं. ठेकेदाराने पाच वर्षांची हमी दिली. सहाव्या वर्षी काय, असं कोणी विचारलं नाही. चहा आला होता.

दुसऱ्याच दिवशी शेठचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. त्यांनी नव्या टेम्पोच्या कर्जाचे हप्ते संगणकात टाकले होते, म्हणजे अर्थातच जुन्या संगणकात. शेवटचा हप्ता २०३० च्या मार्चमधला. पडद्यावर तो १९३० चा दिसत होता.

"म्हणजे फिटलं ना?" शेठनी विचारलं. "शंभर वर्षांपूर्वीच?"

मी ओळ शोधून काढली. १९९९ च्या थरात मूळ पुरुषाने सगळ्या तारखा चार आकडी करण्याचे कष्ट वाचवले होते. वर्षाचे दोन आकडे तीसच्या आत असले तर दोन हजारचं शतक, नाहीतर एकोणीसशेचं, एवढं सांगून तो मोकळा झाला होता. शेजारी त्याच्या त्या इंग्रजी लिपीतल्या मराठीत टीप होती. '२०३० ला बघू.'

मला संताप आला. काय बेजबाबदार माणूस! पुढच्या पिढीवर सगळं ढकलायचं आणि आपण दुबईला! हे नीट करायचं तर एक्केचाळीस ठिकाणी बदल, सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासायच्या, पट्टीवर तारखेचा रकाना रुंद करायचा, म्हणजे हमाली दोन घरं सरकणार, म्हणजे मेहताजी ओळखणार, म्हणजे सकाळी सहाला फोन. मी खिडकीबाहेर पाहिलं. वाशीवर पाऊस उभा राहिला होता. घरी जाऊन कुकर जागेवर आहे की नाही तेही बघायचं होतं.

मी तीसचे साठ केले.

मग आजूबाजूला कोणी नाही हे बघून वर एक तारा टाकला आणि टीप लिहिली, हे काढू नये. २०६० साली ज्याच्या हाती ही ओळ पडेल तो अडचणीत असणार, म्हणून शेजारी माझा फोन नंबरही दिला. दहा आकडी.